गाडी थंड होतेय

जगात जे जे फार तापते ते एकदम बंद करू नये, असे शास्त्र सांगते. कुंभाराची भट्टी, दूध आटवायची कढई, रुसलेले व्याही आणि गाडीतला टर्बो, या चारही बाबतींत हा नियम सारखाच लागू पडतो. पहिल्या तिघांची काळजी आपल्या पूर्वजांनी वाहिली. चौथ्याची जबाबदारी बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या आमच्या शांभवी रेसिडेन्सीवर येऊन पडली. ती आम्ही कशी पार पाडली, हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून ही हकिगत नोंदवून ठेवत आहे.

मी या सोसायटीच्या वाहन व्यवस्था उपसमितीचा निमंत्रक आहे. माझ्याकडे गाडी नाही. (म्हणूनच माझी निवड बिनविरोध झाली. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सगळे पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नव्हते.)

टर्बो म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर फुकट जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेत एक पंखा बसवतात. तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो, दुसरा इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडीच्या अंगात बळ येते. गाडी घाटात किंवा महामार्गावर बराच वेळ दामटली की हा पंखा लालबुंद होईस्तोवर तापतो. त्या क्षणी इंजिन एकदम बंद केले, तर त्याला गार करणारे तेल जागच्या जागी थबकते, करपते, आणि बेअरिंगची वाट लागते. म्हणून दामटून आल्यावर इंजिन एखाददोन मिनिटे नुसते चालू ठेवावे आणि मग बंद करावे. हे काम माणसाच्या आठवणीवर सोपवायचे नसेल तर टर्बो टायमर नावाची एक छोटी डबी मिळते. ती बसवली की किल्ली काढून, खिशात टाकून तुम्ही खुशाल घरी जा. गाडी मागे चालू राहते आणि ठरलेल्या वेळी आपली आपण बंद पडते.

यात खोटे काहीच नाही. शर्यतीत, घाटात, वाळवंटात ही डबी कामाची आहे, याबद्दल उपसमितीचे दुमत नाही. प्रश्न मारतहळ्ळीचा होता.

मारतहळ्ळीत संध्याकाळी टर्बो तापत नाही, चालवणारा तापतो. आउटर रिंग रोडवर गाडी ज्या वेगाने पुढे सरकते त्या वेगाने पूर्वी वरातीतला घोडा चालत असे, आणि त्याच्यापुढे निदान बँड तरी असे. अशा वाहतुकीत टर्बोला फिरायचे निमित्तच मिळत नाही. तो घरी येतो तो गारच. आमच्या पाहणीनुसार सोसायटीतल्या टर्बोवाल्या गाड्यांचा टर्बो आयुष्यात एकदाच खरा फिरला आहे, तो म्हणजे दिवाळीत पुण्याला जाताना, चित्रदुर्गाच्या पुढे. (एकाचा दोनदा. तो परतही आला.)

तरीही पुरुषोत्तमने टायमर बसवला. पुरुषोत्तम चौथ्या मजल्यावर राहतो, पुण्याहून आला आहे आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत कुठल्यातरी प्रणालीची देखभाल करतो. त्याच्याकडे एक डिझेल गाडी आहे आणि ती त्याला जिवापलीकडे प्रिय आहे. इंटरनेटवर परदेशातल्या कोणा गृहस्थाने आपला करपलेला टर्बो उघडून फोटो टाकले होते. ते पाहून पुरुषोत्तमची झोप उडाली. शनिवारी तो जे. सी. रोडवर गेला आणि एका दुकानातून डबी बसवून आला.

डबीत एक ‘ऑटो’ सोय होती. इंजिन किती वेळ चालू होते ते पाहून, ते थंड व्हायला किती वेळ द्यायचा हे डबी स्वतः ठरवत असे. योजना उत्तम होती, पण डबीला बिचारीला तासतास न सुटणारा सिल्क बोर्डचा सिग्नल माहीत नव्हता. इंजिन दोन तास चालू होते, त्या अर्थी मालक दोन तास गाडी दामटत आला, असा तिने सरळ अर्थ लावला आणि अधिकात अधिक म्हणजे दहा मिनिटे मंजूर केली. म्हणजे गाडी जितकी हळू येईल, तितकी ती जास्त वेळ थंड करावी लागे. सरकारी खात्यांनी अभ्यास करावा असेच हे तर्कशास्त्र आहे.

पहिल्या संध्याकाळी पुरुषोत्तम गाडी लावून, किल्ली बोटावर फिरवत लिफ्टकडे निघाला. मागून आमचा सुरक्षारक्षक यल्लाप्पा धावत आला. (यल्लाप्पा विजापूरकडचा. त्याला मराठी चांगले समजते, पण समजत नाही असे दाखवण्याचे फायदे त्याला त्याहून चांगले समजतात.)

“सर! सर, गाडी चालू है!”

“माहीत आहे रे. थंड होतेय.”

“चावी किधर, सर?”

पुरुषोत्तमने किल्ली दाखवली. यल्लाप्पाने किल्लीकडे पाहिले, घरघरणाऱ्या रिकाम्या गाडीकडे पाहिले, आणि दोन पावले मागे सरून गाडीला हळूच नमस्कार केला.

हा प्रकार आणखी एक जण पाहत होता. आमच्या सगळ्या इमारती खांबांवर उभ्या आहेत आणि खाली पार्किंग आहे. त्याच पातळीवर एका कोपऱ्यात एकच घर आहे, विश्वासरावांचे. त्यांची खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडते. विश्वासराव टपाल खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे घराणे मराठीच, पण शहाजीराजांबरोबर इकडे आलेले, असे ते सांगतात. (“आम्ही आलो तेव्हा सिल्क बोर्डला सिग्नल नव्हता,” हे त्यांचे आवडते वाक्य.) त्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी यांना अक्का. अण्णांचे गुडघे गेले आहेत आणि दम्याने छाती धरली आहे, त्यामुळे ते घराबाहेर पडत नाहीत. संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, “काय रे, ऊट झालं?” ऊट म्हणजे जेवण. संध्याकाळी सात वाजता कोणाचेच जेवण झालेले नसते, पण त्याने काही अडत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर अक्कांनी तळलेल्या कोडबळ्यांची ताटली असे. (पुण्याची मंडळी त्यांना कडबोळी म्हणतात आणि त्यावर अण्णांशी वाद घालतात.) माणूस एक कोडबळे उचली, दोन शब्द बोले आणि लिफ्टकडे जाई. मला स्वतःला हा प्रकार फार आवडत असे. या शहरात तुम्ही आलात की नाही, याची दखल घेणारे दोनच जण असतात: एक ऑफिसच्या दारातले मशीन आणि दुसरे अण्णा.

तर, टायमर. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने आपले सामर्थ्य दाखवले. पुरुषोत्तमचे पुण्यातले घर चढावर होते, त्यामुळे गाडी उभी केल्यावर ती गिअरमध्ये टाकून उतरायची त्याला लहानपणापासून शिकवण. त्या दिवशी त्याने किल्ली काढली, हँडब्रेक विसरला, सवयीने गिअर टाकला आणि क्लच सोडला. टायमरच्या हिशेबी इंजिन अजून नोकरीवर होते. त्याने आज्ञा पाळली. गाडी एक उडी मारून समोरच्या खांबाला भेटली. या भेटीत गाडीचा पुढचा दिवा, खांबाचा रंग आणि यल्लाप्पाची प्लास्टिकची खुर्ची यांचे नुकसान झाले. (खुर्चीत त्या वेळी यल्लाप्पा नव्हता. कामाच्या वेळी खुर्चीत नसल्याबद्दल त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला.)

सर्व्हिस सेंटरने दिवा बदलला आणि डबीसाठी वायरी कापलेल्या पाहून गाडीची वॉरंटी संपल्याचे कळवले. पुरुषोत्तमने ही बातमी आम्हाला अशा आवाजात सांगितली, की जणू मुलगा घर सोडून हिमालयात गेला असावा. दुःख होतेच, पण त्यात थोडा अभिमानही होता.

उपसमितीची तातडीची सभा झाली. मी मसुदा वाचून दाखवला: “चालू इंजिनाची कोणतीही गाडी बेवारस सोडता येणार नाही. टायमर संपेपर्यंत मालकाने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, आतच बसून राहावे.” ठराव एकमताने मंजूर झाला. या नियमामुळे टायमरचा मूळ हेतू, म्हणजे गाडी सोडून जाता यावे हा, साफ नाहीसा झाला, हे सभेत कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले होते. पण तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता.

यानंतर जे घडले त्याचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही. पहिल्या दिवशी पुरुषोत्तम गाडीत चुळबुळत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने सीट मागे केली. तिसऱ्या दिवशी तो त्या घरघरीत डोळे मिटून पडला असताना वरून त्याची पत्नी सुचेता हिचा फोन आला.

“अरे, कुठे आहेस?”

“खाली. गाडी थंड होतेय.”

“मग ये ना वर. गीझरवाला येऊन बसलाय, आई व्हिडिओ कॉलवर आहेत, आणि भाजी काय करायची ते सांग.”

“येता येत नाही गं. सोसायटीचा नियम आहे.”

संसारात असे उत्तर फार थोड्यांना सापडते, की ज्यात एक अक्षर खोटे नाही आणि तरी जागचे हलावे लागत नाही. त्या दिवशी डबीची दहा मिनिटे संपली तेव्हा त्याला पहिल्यांदाच ती कमी वाटली.

ही बातमी लिफ्टमधून इमारतभर झाली. सर्वांत आधी तिसऱ्या मजल्यावरचा अभिराज जे. सी. रोडला पोहोचला. अभिराजची गाडी अगदी लहान आणि साधी, तिच्यात टर्बोच नाही. दुकानदाराने बॉनेट उघडून दोनदा शोधला.

“सर, टर्बो एल्लिदे? टर्बो किधर है?”

“टर्बोचं नंतर बघू,” अभिराज म्हणाला. “आधी टायमर बसवा.”

दुकानदार समजूतदार होता. त्याने बसवला.

मग नीरजा. ती दुसऱ्या मजल्यावर राहते आणि तिची गाडी विजेवर चालते. तिच्यात टर्बो नाही, तेल नाही, धूर नाही आणि इंजिनही नाही. तिथे डबी जोडायची कशाला, हा तांत्रिक प्रश्न होता. तो दुहेरी चिकटपट्टीने सुटला. समोर चिकटवलेल्या डबीवर नुसते आकडे उलटे धावत, आणि शून्य होईपर्यंत नीरजा अत्यंत प्रामाणिकपणे गाडीत बसून राही. मी तिला एकदा काचेतून खुणेने विचारले. तिने काच बोटभर खाली केली.

“काका, माझ्या टीममध्ये चौदा लोक आहेत आणि घरात सासू-सासरे आलेत. मधे ही दहा मिनिटं आहेत. प्लीज.”

काच पुन्हा वर गेली. मला तिचे मनापासून पटले, हे इथे नमूद करतो.

सुचेताची परिस्थिती थोडी वेगळी होती. ती घरूनच काम करते, त्यामुळे ती कुठून येत नाही आणि तिला कुठे थांबताही येत नाही. एका दुपारी ती किल्ली घेऊन खाली आली, गाडी सुरू केली, बंद केली आणि टायमर लावून बसली. गाडी जागची हललीही नव्हती. यल्लाप्पाने विचारले तेव्हा तिने सांगितले, “थंड करायला आले आहे.” थंड करायची तर आधी सुरू करायला हवी, हे उघडच आहे. पुढे नवरा-बायकोत गाडी थंड करण्याच्या पाळ्या ठरल्या. एकदा चुकून दोघे एकाच वेळी बसले. त्या दिवशी थंड व्हायला फार वेळ लागला, आणि वादावादी शेजारच्या गाड्यांनाही ऐकू गेली.

दसऱ्यापर्यंत निम्म्या पार्किंगमध्ये टायमर लागले होते. ‘गाडी थंड होतेय’ हे वाक्य सभ्यतेचा भाग बनले. फोनवर ते ऐकले की समोरचा माणूस “सॉरी, सॉरी, मग करतो” म्हणून फोन ठेवी. एकाने तर हेच कारण देऊन चालू मीटिंग सोडली, आणि त्याच्या साहेबाने ते मान्य केले, कारण साहेब स्वतः त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या कुठल्याशा पार्किंगमध्ये थंड होत होता. माझ्या अहवालातील आकडेवारी बोलकी आहे. योजनेपूर्वी सोसायटीत करपलेले टर्बो: शून्य. योजनेनंतर: शून्य. अहवालाला टाळ्या पडल्या.

एकच किरकोळ अडचण होती. डझनभर इंजिने रोज संध्याकाळी एका छताखाली दहा-दहा मिनिटे नुसती चालू राहत. त्यांचा धूर कुठेतरी जाणारच. तो अण्णांच्या खिडकीत जाई.

सुरुवातीला अण्णा रुमाल नाकाला लावून बसत आणि रुमालातूनच “ऊट झालं?” विचारत. ते कोणाला ऐकू येत नसे. मग अक्कांनी खिडकी अर्धी लावली. मग पूर्ण. अण्णा काचेच्या आत बसू लागले. कोडबळ्यांची ताटलीही आत गेली. पार्किंगमधून पाहिले तर काचेमागे एक पांढरा सदरा तेवढा दिसे. आत हवा कोंडू लागली आणि अण्णांचा दमा बळावला. दोनदा मध्यरात्री त्यांना इस्पितळात न्यावे लागले. डॉक्टरांनी सांगितले की यांना मोकळी हवा लागते, खिडकी उघडी ठेवा नाहीतर घर बदला.

अक्का सभेला आल्या. आल्या तशा उभ्याच राहिल्या.

“अरे मुलांनो, गाडी थंड करा, मी बेडा, नको म्हणत नाही. पण ह्यांना खिडकी लागते रे. तेवढा धूर स्वल्प कमी करा. नाहीतर हेब्बाळला मुलाकडे जावं लागेल. बाराव्या मजल्यावर.”

“मग बरंच आहे की, अक्का,” अभिराज म्हणाला. “तिकडे हवा छान. तलाव पण दिसतो.”

“हवा छान आहे. पण हे विचारतात, बाराव्या मजल्यावरून मी ऊट झालं का ते कोणाला विचारू? घारीला?”

सभा गंभीर झाली. अण्णा आम्हा सर्वांना प्रिय होते, आणि ते सर्वांनी एकामागून एक उठून सांगितले. त्यात बराच वेळ गेला. नंतर पुढील उपाययोजना मंजूर झाल्या: अण्णांना सोसायटीच्या खर्चाने एक उत्तम मास्क द्यावा, त्यांच्या खिडकीवर धूर बाहेर फेकणारा पंखा लावावा, आणि खिडकीशेजारी हवा शुद्ध करणाऱ्या कुंड्या ठेवाव्यात. मास्कमधून अण्णांना श्वास घेता येईना. पंखा इलेक्ट्रिशियनने उलटा बसवला, त्यामुळे तो धूर मोठ्या कार्यक्षमतेने आत ओढू लागला. कुंड्यांतली रोपे आठवड्यात मेली, ती बदलण्याचे काम यल्लाप्पाकडे देण्यात आले. इंजिन लगेच बंद करावे, असे कोणीच सुचवले नाही. तो उपाय फारच टोकाचा झाला असता.

मग अण्णांच्या मुलाने हेब्बाळची खोली रंगवून घेतल्याची बातमी आली. मला त्या रात्री चैन पडेना. सकाळी मी पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत होतो, तोच माझे लक्ष नीरजाच्या गाडीतल्या चिकटपट्टीकडे गेले. ही गाडी सर्वांइतकीच थंड होत होती. आकडे तेच, वेळ तीच, समाधान तेच. फक्त धूर नव्हता. जे मोठमोठ्या अभियंत्यांना सुचले नाही ते मला सुचले, कारण मला गाडी नाही.

मी ‘इंजिनरहित शीतकरण योजना’ सभेपुढे मांडली. गाडी लावताच इंजिन बंद करायचे. डबीच्या वायरी तोडून तिला फक्त बॅटरी जोडायची. नंतर डबी सुरू करून, तिचे आकडे शून्यावर येईपर्यंत मालकाने पूर्वीप्रमाणेच आत बसावे. त्याच्या हक्कांना कोणतीही बाधा येणार नाही.

पुरुषोत्तमने हात वर केला. “पण मग टर्बोचं काय?”

प्रत्येक जण आपापल्या चपलांकडे पाहत होता. अभिराजने तर चपला काढून पुन्हा घातल्या. थोड्या वेळाने पुरुषोत्तमने हात खाली घेतला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

सोमवारपासून योजना अमलात आली. अक्कांनी दुपारीच कढई चढवली. अण्णांची दाढी झाली, सदऱ्याला कडक इस्त्री झाली, आणि किती तरी महिन्यांनी खिडकीच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या. कट्ट्यावर कोडबळ्यांची ताटली आली, नेहमीपेक्षा मोठी. हेब्बाळच्या मुलाला ‘सध्या नको’ असा निरोप गेला होता. मी आणि यल्लाप्पा सारी व्यवस्था पाहायला खांबापाशी उभे होतो.

एकेक गाडी आली. एकेक इंजिन बंद झाले. कधी नव्हे इतके पार्किंग शांत झाले आणि हवा स्वच्छ होती. अण्णांनी खोल श्वास घेतला, खोकला आला नाही.

“काय रे पुरुषोत्तमा, ऊट झालं?” अण्णांनी विचारले.

काचा वर होत्या. (डास.) पुरुषोत्तमच्या तोंडावर मोबाईलचा निळा उजेड होता. शेजारच्या गाडीत अभिराजच्या तोंडावर होता, पलीकडे नीरजाच्या. ओळीने सगळ्या गाड्या अंधाऱ्या आणि प्रत्येकीत एक उजळलेला चेहरा. सगळे दहा हातांवर होते. अण्णांनी ताटली उचलून थोडी वर धरली, दिसावी म्हणून. मग हात भरून आला तशी खाली ठेवली.

“अगं राजी, मी हळू बोललो की काय?”

“नाही हो. मला आत ऐकू आलं की.”

“मग थांबू. थंड होताहेत अजून.”

डबीचे आकडे शून्यावर आले. पुरुषोत्तमने बोट पुढे केले आणि पुन्हा दहा मिनिटे लावली. आता डिझेल जळत नव्हते, त्यामुळे त्याला मर्यादा राहिली नव्हती. योजनेची ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. मी खिडकीपाशी गेलो. मला गाडी नसल्यामुळे जाता आले.

“ऊट झालं?” अण्णांनी विचारले.

“नाही अजून, अण्णा.”

“मग एक घे. मुलांना काय झालंय रे? भांडण झालं का कोणाचं?”

“नाही हो. दमलेत. थंड होताहेत.”

“सरी, बरं,” अण्णा म्हणाले. “कोडबळी पण थंड झाली.”

मी दोन खाल्ली. यल्लाप्पाने चार. बाकीची अक्कांनी डब्यात भरली.

असे आठवडाभर चालले. खिडकी उघडी, हवा उत्तम, दमा आटोक्यात. उपसमितीच्या इतिहासात इतकी यशस्वी योजना झाली नाही. नवव्या की दहाव्या संध्याकाळी मी खिडकीखालून जात होतो. अण्णा गाड्यांच्या ओळीकडे पाहत होते. त्यांनी विचारायचे सोडून दिले होते.

“राजी,” ते म्हणाले, “हेब्बाळला घारी अगदी खिडकीशी येतात, म्हणालीस ना?”

“येतात की. जवळ येतात.”

“त्यांना काचा नसतात, नाही?”

टेंपो रविवारी येणार आहे. सोसायटीने निरोपाचा ठराव मंजूर केला असून शाल आणि नारळ आणण्याचे काम पुरुषोत्तमकडे दिले आहे. तो गाडी थंड झाली की आणणार आहे.

ही हकिगत वाचायला दहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. (उपसमितीने यल्लाप्पाला वाचायला लावून मोजला. त्याला मराठी समजते, हे त्यात उघड झाले.) म्हणजे कोणताही टर्बो थंड व्हायला पुरून उरेल इतका वेळ तुम्ही मोबाईलकडे पाहत बसला आहात. तुमची गाडी केव्हाच थंड झाली. गाडीच नसेल तरी बिघडत नाही, अभिराजकडे तरी टर्बो कुठे होता? रविवारला अजून अवकाश आहे. जरा मान वर करा आणि काच खाली घ्या. मघापासून कोणीतरी तुम्हाला जेवलात का म्हणून विचारते आहे.